उतरता ‘का’ : कागोशिमातल्या एका न ऐकलेल्या प्रश्नाचं प्रकरण

तक्रार दोन्ही बाजूंनी आली. कागोशिमातल्या केअर होमचं म्हणणं, मुलगा कामाला चोख, हात हलका, पण काही विचारलं की उत्तर देत नाही. मुलाचं म्हणणं, ‘मॅडम, इथं मला कोण काही विचारतच नाही. सगळे नुसतं सांगतात, आणि तेही तुटकपणे.’ दोघंही खरं बोलत होते, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

मी पुण्यात जपानी शिकवते. हा मुलगा माझ्या वर्गात दीड वर्ष होता. मूळचा सातारा जिल्ह्यातला, जपानीच्या परीक्षेची मधली पातळी, एन-थ्री, पास, आणि चोकाईत, म्हणजे ऐकण्याच्या पेपरात, वर्गात पहिला. २०२१ साली भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबद्दलचा करार झाला, तेव्हापासून अशी मुलं ‘काइगो’साठी, वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी, तिकडे जाऊ लागली आहेत. याच्या वाट्याला कागोशिमा आलं. क्यूशू बेटाचं दक्षिण टोक, खाडीपलीकडे साकुराजिमाचा जागता ज्वालामुखी, आणि वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर राख.

जाण्याआधी मी त्याला बजावलं होतं, तिथली बोली अवघड आहे, पण कामावर सगळे तुझ्याशी प्रमाण जपानीतच बोलतील. तसंच झालं. आणि घोटाळाही तिथेच झाला.

मिकान आणि सकाळची पाळी

पहिला प्रसंग तसा गमतीचा. दुपारच्या चहाला नव्वदीच्या एका आजींनी टोपलीतलं मिकान उचलून त्याच्यापुढे धरलं. साकुराजिमाच्या पायथ्याची ही संत्री जेमतेम आपल्या लिंबाएवढी असतात. आजी म्हणाल्या, ‘ताबेन के’. ‘ताबेन’ म्हणजे प्रमाण भाषेतलं ‘ताबेनाइ’, खात नाही. वाक्याचा शेवट सरळ खाली गेला. त्याने मान डोलावली, मिकान त्यांच्या हातातून अलगद घेतलं आणि परत टोपलीत ठेवलं. आजींनी पुन्हा उचललं. पुन्हा ‘ताबेन के’. पुन्हा टोपली. तिसऱ्या वेळी आजींनी ते स्वतःच सोलून खाल्लं आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. आजी विचारत होत्या, ‘खात नाहीस का?’ म्हणजे, घे की रे, खा.

दुसरा प्रसंग महागात पडला. पाळ्या लावणाऱ्या पन्नाशीच्या बाई त्याला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, ‘आश्ता, हायाबान देकिमासु का’. उद्या सकाळची पाळी जमेल का? यातला एकही शब्द बोलीतला नाही, सगळं माझ्या पाठ्यपुस्तकातलं. पण ‘का’ खाली उतरला. मुलगा ‘हाइ’, म्हणजे ‘हो’, म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या लेखी दुसरं कोणीतरी उद्या सकाळी येऊ शकतं, ही बातमी बाई त्याला देत होत्या, आणि तो ‘हं, बरं’ म्हणत होता. बाईंनी त्याचं नाव तक्त्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी, निवांत पोचला. तोवर नाश्त्याला दोन माणसं कमी पडून गोंधळ उडाला होता.

हा दोष त्याच्या कानाचा नव्हता. तो माझ्या फळ्यावरचा होता. जपानी शिकवणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या काही तासांतच ‘सोऊ देसु का’ शिकवतो आणि पुढे दोन बाण काढतो. बाण वर गेला तर ‘असं आहे का?’, बाण खाली आला तर ‘अच्छा, असं होय’. पहिल्याला उत्तर द्यायचं, दुसऱ्याला नुसती मान हलवायची. टोकियोच्या बोलण्यासाठी हे बरोबरच आहे. मुलं ते घोकतात, परीक्षेच्या ध्वनिफितीत ते पक्कं होतं, आणि पुढे कान विचार न करताच निवाडा देतो: उतरता ‘का’ म्हणजे समोरचा स्वतःशी बोलतोय. वर्गातला पहिला मुलगा कागोशिमात सगळ्यात जास्त फसला, तो म्हणूनच. कच्च्या मुलाने निदान ‘का’ ऐकून काहीतरी उत्तर दिलं असतं.

मीही गप्प बसले तेव्हा

सुरुवातीला माझा संशय शब्दांवर होता. कागोशिमाची बोली जपानभर दुर्बोध म्हणून बदनाम आहे. तिथे शब्दाचा शेवट गिळला जातो: कुबि म्हणजे मान, कुत्सु म्हणजे जोडे, कुचि म्हणजे तोंड, कुगि म्हणजे खिळा, कुरु म्हणजे येणं, हे सगळे शब्द एका झटक्यात तोडलेल्या ‘कु’वर येऊन थांबतात. ‘आइ’चा आणि ‘ओइ’चा ‘ए’ होतो, त्यामुळे शंख-शिंपला ‘के’, विकत घेणं ‘के’, ‘ये’ अशी हाक ‘के’, आणि प्रश्नाच्या शेपटीला लागणारा तोही ‘के’. राख म्हणजे हाइ, तिचं होतं ‘हे’. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, हेरांना कळू नये म्हणून सात्सुमाच्या, म्हणजे जुन्या कागोशिमाच्या, राजवटीने भाषा मुद्दाम अशी केली, अशी एक दंतकथा लोक हौसेने सांगतात. तिला पुरावा काही नाही. मात्र १९४३ साली बर्लिनचा जपानी दूतावास आणि टोकियो यांच्यात या बोलीचा टेलिफोनवर सांकेतिक भाषेसारखा वापर झाला, हे खरं आहे.

पण पाळीच्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं. तेव्हा मी त्या बाईंशीच व्हिडिओ कॉलवर बोलायचं ठरवलं. नमस्कार-चमत्कार झाले, हवापाण्याचं झालं. बाई म्हणाल्या, ‘इन्दो वा आत्सुइ देसु का’. मी हसून मान डोलावली आणि त्या पुढे काय म्हणतात याची वाट बघत बसले. त्याही वाट बघत होत्या. दोन सेकंद. फोनवर दोन सेकंद फार मोठे असतात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की त्यांनी मला ‘भारतात उकडतंय का?’ असं विचारलंय. वीस वर्षं ही भाषा शिकवणारी मी, तोंड बंद करून बसले होते. हा मुलगा उत्तर न द्यायची सवय कुठून घेऊन आला, याचा उलगडा बाईंना त्या क्षणी झाला असणार.

पुढच्या कॉलला मी त्यांना बारा वाक्यं वाचायला दिली, त्यांच्या परवानगीने ती रेकॉर्ड केली. होममधल्या आजी-आजोबांचं बोलणं टिपणं नियमात बसत नव्हतं, आणि ते मला हवंही नव्हतं. माझं कोडं प्रमाण भाषेतल्या वाक्यांचं होतं. रेकॉर्डिंग ‘प्राट’मध्ये टाकलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आवाजाची उंची पडद्यावर निळ्या रेघेत दाखवतं. माझ्या तोंडचं ‘देकिमासु का’ शेवटी आकड्यासारखं वर वळलं होतं. बाईंचं त्याच शब्दांचं वाक्य शेवटच्या ‘का’वर घसरगुंडीसारखं खाली आलं होतं. बाराच्या बारा वाक्यं तशीच. मी त्यांना दोन्ही रेघा दाखवल्या. त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे माझी ती कारा-इमो फुत्सूगोच की!’

रताळ्याची प्रमाण भाषा

हा शब्द ऐकल्यावर प्रकरण माझ्या दृष्टीने जवळपास सुटलं. ‘फुत्सूगो’ म्हणजे सर्वसाधारण भाषा, आणि ‘कारा-इमो’ म्हणजे रताळं. उरलेला जपान रताळ्याला ‘सात्सुमा-इमो’ म्हणतो, सात्सुमाचा कंद. सात्सुमाची माणसं मात्र त्याला परदेशातून आलेला म्हणून ‘कारा’चा कंद म्हणतात. कागोशिमाची माणसं शब्द टोकियोचे वापरतात, व्याकरण टोकियोचं पाळतात, पण चाल घरचीच राहते. त्या मिश्र बोलण्याला त्यांनी स्वतःच हे नाव ठेवलंय. पूर्वी शाळेत बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकवत. ओकिनावाप्रमाणे कागोशिमातही हे चाले. पाटीच्या धाकाने शब्द बदलता येतात. सूर बदलायचा तर आधी तो आपल्यालाच ऐकू यावा लागतो.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: हेल. कोल्हापूरचा माणूस पुण्यात अगदी पुस्तकी मराठी बोलला तरी हेल लपत नाही. माझ्या या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी पुण्यातली मुलं त्याच्या हेलावरूनच चिडवायची. कारा-इमो फुत्सूगो म्हणजे काय, हे त्याला एका वाक्यात कळलं: ‘म्हणजे बाई तिकडच्या साताऱ्याच्या आहेत.’

आता तो हेल असा का, हा भाग मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतो, म्हणून जरा रेंगाळते. जपानीत शब्दातला कुठला भाग उंच आणि कुठला खाली यावर अर्थ ठरतो. टोकियोत ‘आमे’चा ‘आ’ उंच तर पाऊस, ‘मे’ उंच तर गोळी. कागोशिमात नेमकं उलटं: ‘आ’ उंच तर गोळी, ‘मे’ उंच तर पाऊस. तिथल्या बोलीत शब्दांचे दोनच साचे आहेत. एकात शेवटून दुसरं अक्षर उंच, दुसऱ्यात अगदी शेवटचं. ‘हाना’ म्हणजे नाक असेल तर ‘हा’ वर, फूल असेल तर ‘ना’ वर. पुढे ‘गा’ हा प्रत्यय जोडला की ती उंची एक अक्षर सरकते: नाकाच्या ‘हानागा’मध्ये ‘ना’ उंच, फुलाच्या ‘हानागा’मध्ये ‘गा’ उंच. शब्दाला किती शेपटं लावा, साचा शेवटच्या दोन अक्षरांना धरून बसतो. मूळचे कागोशिमाचेच भाषाशास्त्रज्ञ हारुओ कुबोझोनो यांनी यावर बरंच काम केलंय.

हा प्रकार किती जुना आहे, याचा एक विलक्षण साक्षीदार आहे. १७२८ साली सात्सुमाहून निघालेलं एक जहाज वादळात भरकटलं आणि पुढच्या वर्षी थेट रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कामचाटकाला लागलं. सतरा जणांतले दोघेच वाचले. त्यातला लहान, गोन्झा, सेंट पीटर्सबर्गला पोचला, तिथे रशियनांना जपानी शिकवू लागला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७३९ साली, वारला. त्याआधी त्याच्या मदतीने एक शब्दकोश झाला. गोन्झाला एकच जपानी येत होती, त्याच्या घरची. त्यामुळे रशियन लिपीत, आघाताच्या खुणांसकट, त्या काळच्या सात्सुमाचं बोलणं कागदावर उतरलं. अभ्यासक आज त्या खुणांवरून तेव्हाचे सूर ताडून बघतात. वर्गात मी हे सांगते तेव्हा व्याकरणाला कंटाळलेली मुलंही मान वर करतात.

तर, वाक्याच्या शेवटची जागा तिथे आधीच शब्दांच्या सुरांनी अडवलेली. नाकाचा शेवट वर ओढला तर ते फुलाच्या जवळ जाणार. म्हणून प्रश्नासाठी चढ वापरायला जागाच उरली नसेल, असं माझ्या मनात पहिल्यांदा आलं. पण हे तोकडं आहे. टोकियोतही शब्दांना सूर आहेत आणि तरी प्रश्न चढतो. मला जास्त पटतं ते दुसरं कारण. कागोशिमा विद्यापीठात दीर्घकाळ शिकवलेल्या नोबुको किबे यांनी प्रदेशागणिक प्रश्नांचे सूर तपासले आहेत, त्यात हा मुद्दा येतो. कागोशिमाच्या जुन्या वळणाच्या बोलीत प्रश्नाला ‘का’ किंवा ‘के’ लावावाच लागतो. टोकियोत ‘इकु?’ एवढं म्हणून सूर चढवला की ‘जाणार?’ असा प्रश्न होतो. कागोशिमात तो ‘के’ हवाच. आणि तो असला की प्रश्न तिथेच झाला. सूर मग वर न्यायची गरजच नाही.

आपल्याकडे बघा. ‘येणार?’ म्हणताना आवाज चढवावाच लागतो, नाहीतर प्रश्नच होत नाही. पण ‘कुठं चाललास’ म्हणताना? तिथे ‘कुठं’ने काम आधीच केलेलं असतं, शेवट खाली आला तरी कुणी गोंधळत नाही. आणि आपला ‘का’ तर जपानी ‘का’सारखाच वाक्याच्या शेवटी येतो, निव्वळ योगायोगाने. फरक एवढाच, की आपण ‘का’ लावतो आणि वर सूरही चढवतो, अंगावर स्वेटर घालून वरून शाल घ्यावी तसं. तो चढ काढून घेतला तर? ‘आलास का’ हे शेवट खाली सोडून म्हणून बघा. रात्री अकरा वाजता दार उघडणाऱ्या आईचा आवाज ऐकू येईल. मुलाला सगळे तुटक बोलतात असं का वाटत होतं, ते इथे कळतं. टोकियोच्या कानाने ऐकलं तर उतरता ‘का’ स्वगत वाटतो, मराठी कानाने ऐकलं तर खडसावणं. बिचाऱ्याकडे दोन्ही कान होते.

चढता सूर म्हणजे प्रश्न, हा निसर्गनियमच आहे असं भाषाशास्त्रातही बराच काळ मानलं गेलं. जॉन ओहाला यांनी १९८०च्या दशकात मांडलं की बारीक, उंच आवाज लहानपणाशी आणि नमतेपणाशी जोडलेला असतो, आणि विचारणारा थोडा नमलेलाच असतो. कल्पना सुंदर आहे. पण पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक भाषांत प्रश्नाचा शेवट उतरतो, हे आनी रियालाँ यांनी २००७ साली दाखवून दिलं. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? जपानमध्येच इबाराकी-तोचिगीच्या भागात साधं विधानही शेवटी चढतं, तर फुकुओकात ‘कोण’, ‘काय’ असा प्रश्नशब्द आला की तिथून पुढे सूर उंच होऊन माळरानासारखा सपाट चालतो. एका देशात इतक्या परी, आणि मी फळ्यावर बाण दोनच काढले होते.

उपाय, आणि उपायाचा उपद्रव

उपाय साधा निघाला. मी त्याला सांगितलं, सूर सोडून दे, शेपूट धर. ‘का’ किंवा ‘के’ ऐकू आला आणि बोलणारा तुझ्याकडे बघत थांबला, की तो प्रश्न. ते थांबणं महत्त्वाचं. स्वतःशी ‘का’ म्हणणारा माणूस पुढे चालू लागतो. विचारणारा उभा राहतो. पंधरा दिवस आम्ही रोज दहा मिनिटं बाईंचीच वाक्यं ऐकत होतो, तीही फक्त शेवटची दोन अक्षरं कापून. पहिले तीन दिवस तो निम्म्यावर चुकत होता. मग एका दिवशी अचानक चुकेना.

केअर होमनेही आपल्या बाजूने एक गोष्ट केली, तीही कुणी न सांगता. त्या बाई प्रश्न विचारून झाला की तळहात किंचित वर करायला लागल्या, वाढप्यापुढे ताट धरावं तसा. सूर बदलायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला होता. शेवट चढवून बोलल्यावर बाकीच्या सहकाऱ्यांनी विचारलं, टोकियोहून आलीस की काय? तो नाद त्यांनी सोडला. तिथल्या पंचविशीतल्या मुली मात्र चढता सूर सर्रास वापरतात, त्यामुळे त्यांच्याशी याची अडचण आधीपासूनच नव्हती. ही गोष्ट त्याने मला सगळ्यात शेवटी सांगितली. आधी सांगितली असती तर माझे दोन आठवडे वाचले असते.

उपद्रव घरी झाला. चार महिन्यांत त्याच्या स्वतःच्या बोलण्यातला ‘का’ उतरू लागला, आधी जपानीत आणि मग, त्याच्या नकळत, मराठीतही. रविवारी घरी फोन लावून त्याने विचारलं, ‘आई, जेवलीस का’. पलीकडून आई म्हणाली, ‘का रं, काय झालं? चिडलायस व्हय कुणावर?’

आजींच्या मिकानाचा हंगाम पुन्हा आला, तेव्हा पहिल्याच ‘ताबेन के’ला त्याने हात पुढे केला. एक वाक्य मात्र अजून सुटलेलं नाही, आणि ते नेमकं माझ्या फळ्यावरचं आहे. पाळी लावणाऱ्या बाई ‘सोऊ देसु का’ म्हणतात तेव्हा ‘असं का?’ आणि ‘अच्छा, असं होय’ दोन्ही त्याला अगदी सारखेच, खाली उतरताना ऐकू येतात, आणि बाई दोन्ही वेळेला त्याच्याकडे बघतच असतात. मी विचारलं, मग तू काय करतोस? म्हणाला, ‘हाइ म्हणतो मॅडम. दोन्हीला चालतं.’